अवघी 14 वर्षांची माओ

आत्ताच घरी पोचलोय. लेक गाडीतच झोपली, माझी झोप मात्र पार उडालीय. इथे कॅनडात, कॅलगरीत चाललेल्या 2023च्या जागतिक ज्युनियर फिगर स्केटिंग स्पर्धेत जपानची माओ शिमादा आज आमच्या डोळ्यांसमोर जिंकली. ट्रिपल अ‍ॅक्सल, म्हणजे हवेत साडेतीन गिरक्यांची उडीही मारली आणि चार गिरक्यांची टो लूप ही उडीही! उतरताना ब्लेडचा तो एकच खर्रकन आवाज, बर्फाचा उडालेला बारीक भुगा... टीव्हीवर हे कधी जाणवलंच नव्हतं.

फ्री स्केटचे, म्हणजे दुसऱ्या, मोठ्या फेरीचे गुण 152.76, दोन्ही फेऱ्या मिळून 224.54. दुसरी आलेली कोरियाची शिन जिया 201.90 वर. "आई, एवढा फरक कसा गं?" लेकीने विचारलं. म्हटलं, अगं, ट्रिपल अ‍ॅक्सलचे मूळ गुणच 8, त्या चार गिरक्यांचे साडेनऊ. शिवाय उडी कशी झाली ते बघून पंच उणे 5 ते अधिक 5 अशी श्रेणी देतात, त्यावरून गुण कमी-जास्त होतात.

खरं सांगू? मला शिन जियाही तितकीच आवडली. काय मऊ सरकते ती बर्फावरून! नजर हलत नाही.

उद्या सकाळी सहाला लेकीची प्रॅक्टिस. आत शिरताना डोळे चोळत म्हणाली, "आई, माझे स्केट्स गाडीत नको ठेवूस, गार पडतील."