आजोबांची रेल्वे, नातींची भांडी : ॲबरिस्टविथचे दोन दिवस

बर्मिंगहॅमहून वेल्सच्या किनाऱ्यावरच्या ॲबरिस्टविथ या गावाला थेट गाडी आहे, साधारण तीन तासांची. पहिली सूचना माझ्या फजितीतून आलेली आहे. ही गाडी मखन्लेथ स्टेशनवर दुभंगते : काही डबे ॲबरिस्टविथला जातात, बाकीचे किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला पुथेलीकडे. मी निवांत चुकीच्या डब्यात डबा उघडून बसले होते. घोषणा आधी वेल्शमध्ये झाली, इंग्रजीत होईपर्यंत मी मेथीच्या ठेपल्यात गुंतलेले. शेवटी एका हातात बॅग, दुसऱ्या हातात डबा अशी फलाटावरून धावले. तेव्हा चढतानाच डब्यावरची पाटी वाचा. आणखी एक गंमत म्हणजे श्रूझबरीहून गाडी उलट्या दिशेनं निघते, त्यामुळे ‘पुढचे डबे’, ‘मागचे डबे’ हा हिशेब तिथे बदलतो.

मखन्लेथच्या अलीकडे टॅलर्डिगला गाडी खडक फोडून केलेल्या एका खोल खिंडीतून जाते. ती हुकवू नका, कारण या सगळ्या सहलीची सुरुवात तिथेच होते. सुमारे 120 फूट खोल. 1860 च्या सुमारास ती खोदली तेव्हा रेल्वेसाठी खोदलेली जगातली सर्वांत खोल खिंड होती. हे काम डेव्हिड डेव्हिस या लॅन्डिनमच्या कंत्राटदाराचं. पुढे त्यानं कोळशाच्या खाणी काढल्या आणि गडगंज झाला. त्याच्या दोन नाती, ग्वेंडोलिन आणि मार्गारेट, यांनी त्या पैशातून चित्रं घेतली. कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयातली रन्वारची निळ्या पोशाखातली बाई त्यांच्याच संग्रहातली. पण मी आले होते ती त्यांच्या पैशातून घेतलेली भांडी बघायला.

विद्यापीठाचा सिरॅमिक्सचा संग्रह पेंग्लाइसच्या टेकडीवर, आर्ट्स सेंटरमध्ये आहे. बघायला पैसे पडत नाहीत. स्टेशनपासून चालत गेलात तर चांगलाच चढ आहे, गुडघे कुरकुरत असतील तर बस घ्या. दालन लहान आहे. अर्ध्या तासात ‘झालं बघून’ असं वाटेल, तेव्हा एक चक्कर अजून मारा.

बहिणींच्या पैशातून 1920 नंतर इथे भांडी निवडून आणायचं काम सिडनी ग्रीन्सलेड यांच्याकडे होतं. टेकडीवरच्या वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे वास्तुरचनाकारही तेच. त्यांनी जुन्या वस्तूंबरोबर त्या काळच्या हयात कुंभारांची ताजी भांडीही घेतली : बर्नर्ड लीच, शोजी हामादा, मायकेल कार्ड्यू, कॅथरिन प्लेडेल-बूव्हरी. आज यांची नावं कुंभारकामाच्या इतिहासात आहेत. तेव्हा ही माणसं भट्टीतून निम्मा माल फुटून निघाला की पुढचं लाकूड कशानं आणायचं या चिंतेत असणार. नाव होण्याआधी विकत घेणं ही खरी पारख, असं माझं मत.

मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती प्लेडेल-बूव्हरींच्या एका वाडग्यापुढे. ही बाई निरनिराळ्या झाडांची राख चाळून, धुऊन तिची झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, करायची. झाड बदललं की रंग बदलतो. तो वाडगा लांबून नुसता मळकट राखाडी दिसतो. काचेला नाक लावल्यावर कळलं की काठापाशी झिलई पातळ होऊन खालची तपकिरी माती डोकावतेय, आणि तळाशी तीच झिलई ओघळून, थबकून एक जाड वळी झालीय. आजीच्या लोणच्याच्या बरणीला, तपकिरी आणि पांढरा रंग जिथे भेटतात तिथे, अशीच ओबडधोबड रेघ होती. बरणी कधी इतक्या जवळून बघितली नव्हती, एवढं खरं.

जवळच वेल्समधली गावठी भांडी. एवेनी आणि बकली या कुंभारगावांची. लाल मातीवर पातळ पांढऱ्या मातीचा गाळ ओतून, खरवडून काढलेली नक्षी, वर पिवळसर चकाकी. लीचच्या भांड्यांपेक्षा मला तीच जास्त आवडली. मांडणी अधूनमधून बदलते, त्यामुळे एखादं विशिष्ट भांडं बघायचं असेल तर आधी कळवून विचारा.

दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या चढावरची कलाशाळा बघितली. 1907 ची देखणी इमारत, मुळात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांसाठी बांधलेली आणि बहिणींच्या वडिलांचं, एडवर्ड डेव्हिसांचं नाव असलेली. म्हणजे आजोबांच्या रुळांवरून यायचं, वडिलांच्या नावाच्या इमारतीत चित्रं बघायची आणि लेकींची भांडी टेकडीवर! विद्यार्थ्यांची प्रदर्शनंही इथे लागतात, कच्ची पण धीट. सेरेडिजियन संग्रहालय 1905 च्या एका नाट्यगृहात आहे, तिथे वस्तूंपेक्षा मला छत आणि सज्जेच आवडले. ग्रंथालयातलं चित्रदालन घाईत उरकलं.

रविवारी जाऊ नका. ग्रंथालय बंद असतं, आणि बाकीच्यांच्या वेळा सुट्ट्यांमध्ये बदलतात, म्हणून निघण्याआधी तपासा. 1987 पासून एक वर्षाआड उन्हाळ्यात आर्ट्स सेंटरला आंतरराष्ट्रीय सिरॅमिक्स महोत्सव भरतो. देशोदेशीचे कुंभार येऊन तिथेच भट्ट्या पेटवतात. त्या दिवसांत खोली मिळणं मुश्कील, काही महिने आधी ठरवा. हिवाळ्यात गेलात तर संध्याकाळी धक्क्यापाशी उभे राहा, मैना जातीचे हजारो पक्षी ढगासारखे घिरट्या घालत त्याखाली मुक्कामाला येतात. समुद्रावर चिप्स खाताना मात्र पाठ भिंतीला लावा. माझे निम्मे सीगलनं नेले.

आर्ट्स सेंटरच्या दुकानात आसपासच्या कलाकारांची कामं विकायला असतात. कप घेणार असाल तर त्याच्या कानात बोटं घालून, ओठाला काठ टेकल्यासारखा करून बघा, नुसता रंग बघून घेऊ नका. माझा कप दोन मोजे आणि एका स्वेटरमध्ये गुंडाळून आला. परतीच्या गाडीचे डबे मखन्लेथला सुटत नाहीत, उलट जोडले जातात, त्यामुळे कुठेही बसा आणि ठेपले सावकाश खा.