तुम्ही विचारलंत म्हणून: गुरंवाल्यांचा कारखाना

गावाला फोन लावला की बोलणं पाऊसपाण्यावरून सुरू होतं आणि शेवटी ठरलेल्या प्रश्नावर येतं. ‘तू त्या मांसाच्या कारखान्यात काय करतेस गं? आणि तो शेतकऱ्यांचा म्हणजे नक्की कसा?’ आत्या विचारते, धाकटे दीर विचारतात, शाळेतल्या मैत्रिणींपैकी कुणी ना कुणी विचारतंच. फोनवर दरवेळी अर्धंच सांगून होतं. आज सगळं लिहिते.

आम्ही राहतो अमेरिकेतल्या माँटाना राज्यात, बिलिंग्ज शहरापासून गाडीनं दीड तासावर. इथे गुरांचे कळप पाळणाऱ्याला रँचर म्हणतात. राज्यात माणसं साधारण 11 लाख आणि गुरं त्याच्या दुप्पट. आमच्या भागातल्या एक्केचाळीस रँचरनी शेअर्स घालून एक छोटा कारखाना काढलाय. तिथे जनावर येतं, कापलं जातं आणि मांस पाकिटबंद होऊन बाहेर पडतं. मी तिथलं ऑफिस सांभाळते. हिशेब, पावत्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोंदवही. कुणाचं जनावर कुठल्या तारखेला येणार, ते माझ्या वहीत असतं.

आत्या माळकरी आहे, तिला हे ऐकवत नाही, आणि तिचं मी कधीच खोडून काढत नाही. मी स्वतः खात नाही. पण इथे वर्षाला जेमतेम 14 इंच पाऊस पडतो, म्हणजे आपल्या जतपेक्षाही कमी. या माळावर गवताशिवाय फारसं काही उगवत नाही, आणि गवताचं अन्न करायचं तर गुरांनीच. या लोकांचं जगणं त्यावर आहे. धार्मिक पद्धत सोडली तर जनावराला आधी बेशुद्ध केल्याशिवाय कापायचं नाही, असा कायदा इथे 1958 मध्ये झाला आणि 1978 पासून तो सरकारी तपासणी असलेल्या सगळ्या कारखान्यांना लागू आहे. जनावर आत येताना ओरडणं नाही, काठी नाही. वळणावळणाच्या गल्लीतून ते आपल्या पायांनी चालत येतं. ते जवळून पाहिल्यावरच मी नोकरीला हो म्हटलं.

आता दुसरा प्रश्न: स्वतःचा कारखाना कशाला? मोठ्या कंपन्या आहेत की!

याचं उत्तर मला आप्पांमुळे कळतं. आमचं गाव कृष्णाकाठचं. जुलैत लावलेला आडसाली ऊस सोळा-सतरा महिन्यांनी तोडीला यायचा आणि मग आप्पांच्या चकरा सुरू व्हायच्या. साखर कारखान्याचं गट ऑफिस, तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय, ऊसतोड टोळीचा मुकादम. आज येते, उद्या येते करत टोळी येतच नसे. एका वर्षी माझ्या डोळ्यांदेखत उसाला तुरा आला. मी आठवीत होते. आप्पा बांधावर उभे राहून तुऱ्यांकडे बघत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. वजन रोज घटत होतं. शेवटी टोळी आली ती खुशाली, म्हणजे वरचे पैसे, घेऊनच. दराचं बोलायचं तर तो सगळ्यांना सारखाच होता. आप्पांना मारलं ते तारखेनं.

इथल्या रँचरचीही तीच गत होती. अमेरिकेत चारा-धान्यावर वाढवलेल्या गुरांपैकी सुमारे 85 टक्के चार कंपन्या कापतात: टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ. त्यांच्या एकेका मोठ्या कारखान्यात दिवसाला पाच-पाच हजार जनावरं जातात. माँटानाचा रँचर ऑक्टोबरमध्ये सहा-सात महिन्यांची वासरं विकतो. ती ट्रकनं नेब्रास्का, कॅन्सस, कोलोरॅडोकडे जातात, तिथे दाण्यावर वाढतात, तिथेच कापली जातात, आणि मांस शेकडो मैलांवरून परत इथल्या दुकानात येतं. आपल्याच माळावरच्या जनावराचं मांस शेजाऱ्याला विकावं, असं वाटणारे रँचर पुष्कळ होते. पण 1906 च्या कायद्यानं, सरकारी तपासनीस हजर असल्याशिवाय कापलेलं मांस विकता येत नाही. गावातल्या साध्या खाटकाकडे कापून घेतलं तर पाकिटावर शिक्का बसतो: विक्रीसाठी नाही. घरी खा, बस्स. आणि तपासनीस असलेले छोटे कारखाने थोडेच.

मग आलं 2020. एप्रिलमध्ये करोनानं मोठ्या कारखान्यांतले कामगार आजारी पडायला लागले. कोलोरॅडोतला ग्रीलीचा जेबीएसचा कारखाना बंद झाला, पाठोपाठ इतरही. महिनाअखेरीला देशातली गुरांची कत्तल आदल्या वर्षाच्या मानानं एक तृतीयांशाहून जास्त घटली. दुकानात मांस मिळेना, महाग झालं, आणि इकडे तयार जनावर घ्यायला कुणी नाही. रँचर छोट्या कारखान्यांकडे धावले तर तिथे वर्षभराच्या तारखा संपलेल्या. लोक पोटातल्या वासराच्या नावानं तारीख नोंदवायला लागले होते. आमचे एक सत्तरीतले सभासद मला सांगत होते, ‘गोठ्यात वीस गोऱ्हे तयार, दाणा संपत आलेला, आणि मी फोन धरून बसलेलो.’ त्यांच्या त्या वाक्याला मला आप्पाच आठवले, तुऱ्यांकडे बघणारे.

जानेवारी 2022 मध्ये केंद्र सरकारनं छोट्या आणि स्वतंत्र मांस कारखान्यांसाठी एक अब्ज डॉलर जाहीर केले. बऱ्याच राज्यांत रँचर एकत्र येऊन कारखान्यांची आखणी करायला लागले. आमचाही त्यातलाच.

कारखाना कसा चालतो ते पाहिलं की तारीख एवढी मोलाची का, ते कळतं. सकाळी तपासनीस आधी जिवंत जनावर चालवून बघतो. मग कापल्यावर डोकं, गाठी, कलेजी हातात घेऊन तपासतो आणि जांभळ्या शाईचा शिक्का मारतो. तो ठरलेल्या वेळेपुरताच असतो, त्यापुढे थांबला तर त्याचे पैसे कारखान्यानं भरायचे. 600 किलोचा गोऱ्हा टांगल्यावर 370 किलोच्या आसपास भरतो. तो शीतगृहात साधारण चौदा दिवस टांगून मुरवायचा, मग तोडायचा. हाडं-चरबी जाऊन पाकिटात येतं 240 किलोच्या आतबाहेर. कापायला आमच्याकडे अडचण नाही, दिवसाला दुप्पट कापता येईल. अडतं शीतगृहात जनावर टांगायच्या लोखंडी आकड्यांपाशी. एक आकडा चौदा दिवस अडकलेला. एखादा तोडणारा कारागीर तापानं पडला की टांगलेलं हलत नाही, आणि पुढच्या आठवड्याच्या सगळ्या तारखा कोलमडतात. म्हणून माझी वही दाराशी सुरू होत नाही. ती शीतगृहाकडून उलटी भरावी लागते, आणि हे शिकायला मला सहा महिने लागले.

मांस कसं तोडून हवं, हे फोनवर विचारून मी प्रत्येक जनावराचा कागद भरते. स्टेक किती जाड, पाऊण इंच की एक? एका पाकिटात दोन की चार? खिमा एक पाउंडाच्या पिशवीत की दोनच्या? हाडं रश्शाला ठेवू? जीभ, शेपूट हवी? एक बाई दरवर्षी सांगतात, आमच्याकडे आता दोघंच, सगळं लहान पाकिटात करा. गेल्या वर्षीपासून म्हणतात, मी एकटीच.

पैशाचं खरं सांगते. मोठा कारखाना जनावराचं काही म्हणजे काही वाया घालवत नाही. कातडं विकतो, चरबी विकतो, जीभ जपानला पाठवतो. आमच्यासारख्या छोट्या जागी कातड्यांचा ट्रक भरायलाच कित्येक आठवडे जातात. उरलेलं उचलून न्यायला उलट आम्हीच पैसे मोजतो. एका जनावरामागे त्यांच्यापेक्षा आमचा खर्च जास्तच येणार, कितीही काटकसर केली तरी. तो भरून निघतो तो गिऱ्हाईक थेट रँचरकडून घेतं म्हणून, आणि शीतगृह बाराही महिने भरलेलं राहिलं तरच.

आणि तिथेच आम्ही ठेचकाळलो. गवतावरचं जनावर शरद ऋतूत तयार होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर सगळ्यांनाच तारीख हवी, मार्चमध्ये कुणालाच नको. कारागिरांना पगार मात्र बाराही महिने. त्यात पुढे गुरांचे बाजारभाव कडाडले. दुष्काळानं देशातले कळप इतके घटले की जानेवारी 2024 ची मोजणी 1951 नंतरची सगळ्यात कमी भरली. व्यापारी दारात येऊन रोख पैसे द्यायला लागले. आमच्याच सभासदांनी फोन करून नोंदी रद्द केल्या. एका मार्चमध्ये आठवडाभर शीतगृहात फक्त तीन जनावरं टांगलेली होती. आत गेलं की रिकामे आकडे पंख्याच्या वाऱ्यानं एकमेकांवर आपटायचे. तो आवाज मी विसरणार नाही.

त्या वर्षीच्या सभेत मी पहिल्यांदा उभी राहून बोलले. उसाबद्दल. लोणीला 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना कसा उभा केला, सभासदानं ऊस आपल्याच कारखान्याला घालायचा असतो, आणि भाव चढला की ऊस बाहेर गेला तर आपला कारखाना कसा बसतो, हे सांगितलं. त्यांना ते परकं वाटलं नाही, कारण बिलिंग्जचा साखर कारखानाही शेतकऱ्यांचाच आहे. बीट पिकवणाऱ्यांनी 2002 साली तो कंपनीकडून विकत घेतला. मग दुसऱ्या एका सभासदानं यू. एस. प्रीमियम बीफचं उदाहरण काढलं. 1990 च्या दशकात गुरंवाल्यांनी काढलेली ती सहकारी संस्था. त्यांनी नॅशनल बीफमध्ये भाग घेतला, 2003 मध्ये मोठा हिस्सा घेतला आणि 2011 मध्ये त्यातला बहुतेक विकला. त्यांचा नियम साधा होता: एका शेअरमागे वर्षाला एक जनावर. ते घालायचा हक्क, आणि ते घातलंच पाहिजे हे बंधनही.

आम्ही तो नियम घेतला आणि त्यात महिनाही घातला. शरदात दोन जनावरं आणणाऱ्यानं मार्च ते जूनमध्ये एक आणायचं. हिवाळाभर त्याला वाळलं गवत घालायचा खर्च येतो, म्हणून त्या महिन्यांत कापणावळ कमी. ठरावाला विरोधही झाला. चौघे शेअर्स परत करून गेले. त्यांच्यावर माझा राग नाही. उणे तीस अंशांत गुरं सांभाळणाऱ्याला रोख पैसा दिसला तर तो घेणारच. पण ज्या दिवशी मोठ्यांचे दरवाजे पुन्हा बंद होतील त्या दिवशी त्यांना द्यायला माझ्या वहीत तारीख नसेल, याचं मला वाईट वाटतं.

चालतो का, असं दीर विचारतात. गेल्या वर्षी तोटा झाला नाही. नफा सांगण्यासारखा नाही. कारागीर चार होते, आता पाच आहेत, आणि पाचवा इथल्याच एका रँचरचा मुलगा आहे. नाही तर तो शहरात गेला असता.

येत्या मार्चच्या पानावर सोळा नोंदी आहेत, चार ओळी अजून कोऱ्या. उद्या सकाळी चारा टाकून माणसं घरात यायच्या वेळेला फोन करायला बसणार आहे.