काखेच्या वासावर मला लागू पडलेले घरगुती उपाय

मी रत्नागिरीजवळच्या एका शाळेत शिकवते. फळ्यावर लिहायचं म्हणजे हात सतत वर, आणि आमच्याकडची हवा इतकी दमट की आलेला घाम वाळतच नाही. मधल्या सुट्टीपर्यंत काखेचा वास माझा मलाच यायला लागायचा. डिओ मारला की काखेत पुरळ उठायचं. या विषयावर आपल्याकडे कोणी तोंडावर बोलत नाही. जवळची मैत्रीणसुद्धा काही न सांगता जरा सरकून बसते, आणि ते फार लागतं.

पुरळ दाखवायला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मलम दिलंच, पण वास नेमका येतो कुठून हेही नीट समजावलं. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेत दोन तऱ्हेच्या घामग्रंथी असतात. एकीचा घाम पाण्यासारखा, अंग गार ठेवण्यासाठी. दुसरी वयात येताना कामाला लागते. तिच्या घामात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असतात. काखेतले जिवाणू त्यावर जगतात आणि त्यातून वासाची द्रव्यं तयार होतात. त्यातल्या काहींत गंधक असतं, म्हणून कधी कधी कांद्यासारखा वास येतो. शिवाय ही दुसरी ग्रंथी मनावर ताण आला तरी पाझरते. शाळा तपासणीच्या दिवशी वास जास्त का येतो, ते मला तेव्हा कळलं.

घाम तर येणारच. जिवाणूंना ओल आणि खाद्य कमी कसं मिळेल, एवढंच पाहायचं होतं.

सगळ्यात स्वस्त उपाय तुरटीचा. वाण्याकडून खडा आणायचा, आंघोळीनंतर ओला करून स्वच्छ काखेत फिरवायचा आणि वाळू द्यायचा. तुरटीनं जिवाणूंची वाढ रोखली जाते; घाम मात्र येतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. केस काढल्या दिवशी लावू नये, चरचरतं. आणि तुरटीतही ॲल्युमिनियम असतंच, त्यामुळे ॲल्युमिनियम नको म्हणून तुरटी घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मला तुरटी मानवली, पण तिचा उपयोग दुपारपर्यंतच टिकायचा.

खायचा सोडा मला सोसला नाही. त्वचा थोडी आम्लधर्मी असते, पीएच (आम्लता मोजायचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ५. सोड्याचा ८ च्या वर. रोज लावला की काख लाल व्हायची. लिंबू मी कोणालाच सुचवणार नाही. ते फारच आंबट, आणि त्याचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं तर त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात. वाळा, नागरमोथा घातलेलं उटणं लावून प्रसन्न वाटतं, पण दुपारच्या वासावर त्याचा काही परिणाम दिसला नाही.

खरा फरक पडला दोन साध्या गोष्टींनी. पहिली, अंग पुसणं. सकाळच्या घाईत आंघोळ झाली की ओल्या काखेवरच कुर्ता चढायचा. आता काखेला साबण लावून तो पूर्ण धुते, सुती पंचानं टिपते आणि हात वर करून पंख्याखाली थोडी थांबते. केस कात्रीनं बारीक ठेवते, कारण केसांत घाम अडकून राहतो. रात्रीही काख धुऊनच झोपते.

दुसरी गोष्ट कपड्यांची, आणि याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. माझे काही कुर्ते धुऊन वाळलेले असले तरी काखेपाशी कडक लागायचे, आणि इस्त्री फिरवली की तोच वास वाफेबरोबर वर यायचा. वास अंगापेक्षा कापडातच मुरला होता. ते सगळे पॉलिस्टरचे किंवा पॉलिस्टरच्या अस्तराचे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायाम केलेल्या लोकांचे टीशर्ट तपासले होते. त्यातही सुतीपेक्षा पॉलिस्टरचा वास जास्त भरला. आता शाळेसाठी सुतीच कुर्ते, ब्लाउज टू बाय टू या सुती कापडाचे आणि अस्तर सुती. जुने कुर्ते उलटे करून, अर्ध्या बादली कोमट पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून भिजवते, मग काखेपाशी साबण लावून ब्रशनं घासते. व्हिनेगर ब्लीचमध्ये मात्र कधी मिसळू नका, विषारी वायू होतो. पावसाळ्यात कपडे दोरीवर ओलसर राहतात, तेव्हा पंखा लावून वाळवते.

कांदा-लसूण कमी करूनही पाहिलं. मला फारसा फरक जाणवला नाही. काहींना जाणवतो म्हणतात.

वास अचानक बदलला, माशासारखा यायला लागला, किंवा उकाडा नसताना घाम निथळत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं मी आठवीच्या मुलींना वेगळं बसवून सांगते, कारण त्याच वयात ही दुसरी घामग्रंथी जागी होते आणि वर्गात चिडवाचिडवी सुरू होते. आमचा खेळाचा गणवेश पॉलिस्टरचा आहे आणि बऱ्याच घरी तो आठवड्यातून एकदाच धुतला जातो. पालकसभेत मी तो प्रत्येक वेळी वापरल्यावर धुवायला आणि आत सुती बनियन किंवा स्लिप घालायला सांगितलं. पुढच्या वर्षी गणवेशाचं कापड सुती घ्यावं, असा अर्जही मुख्याध्यापकांकडे दिला आहे.