तुम्ही विचारलंत म्हणून: बॉससमोर कोणते सहा?

जळगावात आम्ही तिघंच पोकेमॉन गो या मोबाइलवरच्या खेळात नेमाने रेड खेळतो, म्हणजे प्रत्येकी सहा पोकेमॉन घेऊन एका मोठ्या पोकेमॉनशी, बॉसशी, एकत्र लढतो: मी, माझा भाचा आणि स्टँडजवळ केळीची गाडी लावणारे एक दादा. हा खेळ खेळणारं कुणी भेटलं की हमखास विचारतं, "ताई, तिघांत पाच स्टारचा बॉस पडतो कसा? आमच्याकडं तर सगळे तगडे आहेत, तरी वेळ संपते." तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

आधी "तगडे" म्हणजे काय ते बघू. बहुतेक जण सीपीचा, म्हणजे पोकेमॉनच्या एकूण ताकदीचा, आकडा बघून सहा निवडतात. आम्हीही तसंच करायचो. एकदा समोर बॉस म्हणून हीट्रान होता आणि भाच्याकडं सहाच्या सहा ड्रॅगोनाइट, वर्षभर जपून वाढवलेले. पाच मिनिटं संपली तेव्हा हीट्रानच्या जिवाची बरीच पट्टी शिल्लक होती. दादा गिऱ्हाईक सोडून आले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "काय व्हयनं?" मला सांगता येईना. त्या रात्री टाइपचा, म्हणजे कुठल्या जातीच्या पोकेमॉनला कशाचा मार जास्त लागतो त्याचा, तक्ता घेऊन बसले.

हीट्रान फायर आणि स्टील अशा दोन टाइपचा. ग्राउंडचा मार या दोघांनाही १.६ पट लागतो, म्हणून १.६ गुणिले १.६, म्हणजे २.५६ पट. ड्रॅगोनाइट मारतो तो ड्रॅगनचा मार मात्र स्टीलवर ०.६२५ पटच उरतो. दोन्हींत चौपटीचा फरक! भाच्याचे ड्रॅगोनाइट कितीही वाढवलेले असले तरी हा फरक भरून निघणार नव्हता. पाच स्टारच्या बॉसचा जीव १५,००० आणि वेळ ३०० सेकंद. म्हणजे दर सेकंदाला ५० जीव कमी व्हायला हवा. पुण्यात लॉबीत, म्हणजे एकाच लढाईला जमलेले, पंधरा जण असतील तर कुणी काहीही आणलं तरी चालून जातं. आपल्याकडं तिघांत वाटणी होते, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला सतरा येतात. म्हणून खानदेशात काउंटर, म्हणजे त्या बॉसवर भारी पडणारे पोकेमॉन, निवडण्याला फार महत्त्व आहे असं मी मानते.

पण टाइप जुळला म्हणजे झालं असं नाही, मूव्ह बघा, म्हणजे तो कुठला मार मारतो ते. गारचॉम्प ग्राउंड आहे म्हणून घेतला आणि त्याची फास्ट मूव्ह (टॅप करून मारायची ती) ड्रॅगन टेल निघाली, तर प्रत्येक टॅप परत त्या ०.६२५ वर. तीच बदलून ग्राउंडची मड शॉट करून घेतली की चित्र बदलतं. फास्ट मूव्ह बदलून देणारी वस्तू, फास्ट टीएम, मी अशाच वेळेसाठी राखून ठेवते. स्वतःच्या टाइपची मूव्ह असली की आणखी १.२ पट मिळते, तीही इथं पदरात पडते.

मग बघायचं, बॉस मारतो कशानं. एक्सकॅड्रिलचा ग्राउंडचा मार उत्तम, पण तो स्वतः अर्धा स्टील. हीट्रानच्या आगीपुढं लवकर पडतो. गारचॉम्प अर्धा ड्रॅगन, त्याला आग कमी लागते, म्हणून तो जास्त वेळ मारत राहतो. गेम आपोआप जे सहा सुचवतो त्यात टिकाऊ गडी बरेच असतात. ते पडत नाहीत, पण बॉसलाही पाडत नाहीत. मी ती यादी दरवेळी बदलते.

आपल्या हवेचाही हिशेब धरा, खेळ बाहेरचीच हवा धरतो. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळला आकाश निरभ्र असतं, आणि निरभ्र हवेत ग्राउंड, फायर, ग्रास या तिघांच्या माराला १.२ पट जोर मिळतो. सूर्य मावळल्यावरही तो जोर राहतो, त्यामुळे भर उन्हात फोन तापवायची गरज नाही. आईसच्या माराला बर्फाळ हवेत मिळणारा जोर मात्र आपल्याला कधीच मिळायचा नाही. तरीही रेक्वाझा बॉस असला की आईसचा मॅमोस्वाइन काढाच, कारण रेक्वाझाचे ड्रॅगन आणि फ्लाइंग दोन्ही टाइप आईसला कच्चे, तिथंही २.५६ आहेच. आणि हीट्रानच्या वेळी लक्षात असू द्या, ऊन दोन्हीकडं पडतं. त्याची आगही वाढते.

राहिला स्टारडस्टचा, म्हणजे पोकेमॉनची लेव्हल वाढवायला लागणाऱ्या धुळीचा, प्रश्न. वीस लेव्हलपासून तीसपर्यंत न्यायला ७५,००० लागतं, तीसपासून चाळीसपर्यंत १,५०,०००. त्या दुप्पट खर्चात ताकद वाढते जेमतेम आठ टक्के. म्हणून मी तीसवर थांबते आणि उरलेल्या धुळीतून दुसऱ्या टाइपचे गडी उभे करते. भाच्याला हे पटायला वेळ लागला. त्याला एकच चाळीसचा हवा होता.

नंतरच्या खेपेला हीट्रान आला तेव्हा बुधवार होता, सहा ते सातचा रेड आवर. भाच्यानं चार गारचॉम्प काढले, दोन माझ्या सांगण्यावरून ऱ्हायपेरियर, ग्राउंडच्या मड स्लॅप मूव्हवाले. दादांकडं गारचॉम्प एकच होता, बाकी पाच साधे ग्राउंडचे, सीपी बेताचा. त्यांनी विचारलं, "एवढ्यानं भागेल का?" मी म्हटलं, "चला तर खरं." हीट्रान पडला तेव्हा घड्याळात अजून वेळ होता, आणि दादांचा शेवटचा गडी उभाच होता.