नॅशव्हिल: निऑनच्या एक गल्ली मागे

अमेरिकेतल्या नॅशव्हिलला जाणारे बहुतेक जण ब्रॉडवे या तिथल्या बारच्या रस्त्यावरच्या निऑन पाट्यांखाली फोटो काढून परततात. कंट्री या अमेरिकन लोकढंगाच्या संगीताच्या सुवर्णकाळासाठी यायचं असेल, तर आधी मागच्या गल्लीत शिरा. तिथे रायमन ऑडिटोरियम आहे.

१८९२ साली प्रार्थनेसाठी बांधलेली ही इमारत. १९४३ ते १९७४ ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओ कार्यक्रम इथून व्हायचा. ११ जून १९४९ ला कंट्री गायक हँक विल्यम्स पहिल्यांदा ऑप्रीत गायला तो इथेच. तीनेक वर्षांत दारूपायी ऑप्रीने त्याला काढलं आणि १ जानेवारी १९५३ ला, वयाच्या अवघ्या २९व्या वर्षी, तो गेला. एल्विस प्रेस्ली तर ऑप्रीत एकदाच गायला, १९५४ मध्ये. दिवसा तिकीट काढून आत हिंडता येतं, पण जमलं तर रात्रीच्या मैफलीलाच जा. बाकं चर्चची, लाकडी. दोन तासांत कंबर बोलू लागते. तरी आवाज असा घुमतो की तक्रार राहत नाही.

आरसीए कंपनीचा जुना रेकॉर्डिंग स्टुडिओ, स्टुडिओ बी, तिथून दोन-अडीच किलोमीटरवर. थेट जाऊन उपयोग नाही. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयातून तिकीट घ्यावं लागतं, तिथूनच बस नेते. शनिवार-रविवारसाठी आधीच ऑनलाइन काढून ठेवा. १९५७ चा हा स्टुडिओ. रॉक अँड रोलने कंट्री रेकॉर्डांचा खप खाल्ला, तेव्हा चेट ॲटकिन्ससारख्या निर्मात्यांनी फिडल (लोकढंगाने वाजवलेलं व्हायोलिन) आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनचा ताफा आणि कोरस पुढे आणला. तोच ‘नॅशव्हिल साउंड’. मला तो जरा गुळचट वाटतो. पण जवळच्याच ओवेन ब्रॅडलीच्या स्टुडिओत त्याच साच्यात गायिका पॅट्सी क्लाइनने १९६१ मध्ये ‘क्रेझी’ गायलं, तिथे माझा आक्षेप गळून पडतो.

संग्रहालयाला अर्धा दिवस द्या आणि किटी वेल्सला विसरू नका. १९५२ मध्ये बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली ती पहिली एकल गायिका.

आजचं ऑप्री हाउस शहराच्या मध्यभागापासून दूर आहे. रायमनच्या रंगमंचाचा गोल तुकडा कापून तिथल्या मंचात बसवलाय. गाडी नसेल तर जाण्यायेण्याची सोय आधी बघा.

ब्रॉडवेच्या बारमध्ये दिवसा सहसा प्रवेश फी नसते, पण वादकांची कमाई बरीचशी टिपवर चालते. सुट्टे डॉलर जवळ ठेवा.