पैसे मोजणं सोडून दिवस मोजायला लागले

मार्च २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात मी तेलाच्या भावाशी जोडलेल्या एका फंडात पैसे टाकले. युक्रेनवरच्या हल्ल्याला पंधरवडा झाला होता, ब्रेंट क्रूड, म्हणजे ज्याच्यावरून जगात तेलाचा भाव सांगतात ते कच्चं तेल, पिंपाला १३० डॉलरच्या पुढे जाऊन आलं होतं आणि जो तो सांगत होता की आता २०० कुठे गेले नाहीत. मला वाटलं, इंधन महागणारच आहे तर निदान त्यातून चार पैसे तरी मिळतील. वर्ष संपताना ब्रेंट ८६ च्या आसपास होतं. इंधनटंचाईच्या वर्षात इंधनावर पैसे लावून मी तोटा करून दाखवला, हे आजही नवऱ्याला सांगायला फार आवडतं.

दुसरा फटका जास्त लागला, कारण तो बेसावध असताना बसला. ‘सुरक्षित’ म्हणून आम्ही लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या फंडात बरीच रक्कम ठेवली होती. सरकार पैसे बुडवत नाही हे खरं, पण व्याजदर वाढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांची किंमत पडते. किती पडते याचा ढोबळ हिशोब फंडाच्या माहितीपत्रकातच असतो, ‘ड्युरेशन’ या नावाने. आमच्या फंडाचं ड्युरेशन १५ वर्षं होतं. म्हणजे दर एक टक्का वर गेला की किंमत साधारण १५ टक्के खाली. त्या वर्षी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने, आपला व्याजदर मार्चमधल्या जवळजवळ शून्यावरून डिसेंबरपर्यंत ४.२५ ते ४.५० टक्क्यांवर नेला आणि जगभरच्या रोख्यांना त्याची झळ लागली. माहितीपत्रक माझ्याकडे पहिल्यापासून होतं. वाचलं तोटा झाल्यावर.

मग बँकेचं पत्र आलं. घरकर्ज फ्लोटिंग दराचं, म्हणजे बाजारातले दर बदलले की त्याचंही व्याज बदलणारं. दर ७ वरून ९ टक्के झाला होता, आणि बँकेने आम्हाला न विचारता हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली होती. पत्राची भाषा इतकी गोड की दोनदा वाचूनही काही वाईट घडलंय असं वाटेना. हप्ता बदललेला नाही, काळजी नसावी, वगैरे. खालच्या तक्त्यात उरलेली मुदत १६८ महिन्यांवरून २१७ झाली होती. १४ वर्षांची १८. नवरा म्हणाला, “हप्ता तर तेवढाच आहे ना?” मी म्हटलं, “हो, पण तो चार वर्षं जास्त भरायचाय.” तेव्हा कुठे दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्या रात्री मी वही काढली आणि ठरवलं की यापुढे रकमा लिहायच्या नाहीत. महागाईत रक्कम फसवते. ठेवीवर ६ टक्के मिळतात आणि भाव ९ टक्क्यांनी चढतात तेव्हा पासबुकातला आकडा वाढलेला दिसतो आणि खरेदीची ताकद पावणेतीन टक्क्यांनी घटलेली असते. भाव सतत ८ टक्क्यांनी वाढले तर ९ वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. हे सगळं मला शाळेपासून ठाऊक होतं. पण आकडा वाढताना बघून बरं वाटतं, त्याला काय करणार?

दिवस मोजायची कल्पना माझी नव्हे. १९७३ च्या तेलबंदीनंतर, १९७४ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली. तिच्या सदस्य देशांनी निदान ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका तेलसाठा बाळगायचा असा नियम आहे. साठ्याची किंमत किती, हा प्रश्नच नाही. तो किती दिवस पुरेल एवढंच बघायचं. मला ते एकदम पटलं. मी लगेच काढता येतील असे सगळे पैसे एका बाजूला लिहिले, दुसऱ्या बाजूला टाळता न येणारा रोजचा खर्च, आणि भागाकार केला. उत्तर आलं ४१ दिवस. मनात होते सहा महिने.

सहा महिन्यांनी पुन्हा भागाकार केला. मधल्या काळात खात्याला हात लावला नव्हता, उलट व्याज जमा झालं होतं. तरी ४१ चे ३९ झाले होते. महागाई म्हणजे काय हे मला त्या दोन दिवसांनी शिकवलं. जाहीर होणारा महागाईचा दर सगळ्यांच्या खर्चाची सरासरी असतो. आमच्या घरात वीज, इंधन आणि प्रवास यांचा वाटा मोठा, म्हणून आमचा दर त्याच्या पुढे पळत होता.

भागाकार सुधारायचे दोन रस्ते: वरचा आकडा वाढवा, नाहीतर खालचा कमी करा. वरच्या आकड्यात मी हात पोळून घेतलेच होते, म्हणून खालच्याकडे वळले.

एका रात्री साडेअकराला सगळे दिवे बंद करून मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन मीटरसमोर उभी राहिले. आमच्या मीटरवर १६०० इम्पल्स असं छापलंय. लाल दिवा १६०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तो दर २० सेकंदांनी लुकलुकत होता. घर झोपलेलं, फ्रिजचा कॉम्प्रेसरही त्या वेळी बंद, आणि ११२ वॅट जाताहेत! वर्षाचे ९८० युनिट, कुणाच्याही उपयोगाचे नाहीत. मग एकेक प्लग काढत गेले आणि दर वेळी मीटरपाशी येऊन सेकंद मोजले. टीव्हीचा डबा, कधीच न लागणारा जुना अँप्लिफायर, स्लीपवर ठेवलेला संगणक. सगळ्यात मोठा चोर मात्र निघाला वीज गेली तर असावा म्हणून मुद्दाम घेतलेला इन्व्हर्टर. जुन्या बनावटीचा, बॅटरी भरलेली असतानाही स्वतः वीज खात बसलेला. पहाटे एकपर्यंत लुकलुक ५५ सेकंदांवर आणली. फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढला तर तो सहज बाहेर आला, रबर बदललं.

इन्व्हर्टरचा विषय निघालाच आहे तर बॅटरीबद्दलही सांगते, कारण टंचाईच्या काळात या वस्तू भीतीवर खपतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास म्हणजे १८०० वॅट-तास, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली वरचेवर उतरवली तर लवकर मरते, शिवाय रूपांतरात थोडी वीज वाया जाते. हाती येतात साडेसातशेच्या आसपास. दिवे, राउटर आणि लॅपटॉप मिळून आमचा भार १२० वॅट, सहा तास. विकणाऱ्याच्या हिशोबात ते १५ होते.

वाचलेले पैसे आणि रोख्यांच्या फंडातून जे हाती लागलं ते, दोन्ही कर्जात भरले. ९ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे जोखमीशिवाय ९ टक्के मिळवणं. तेव्हा मला तसं दुसरं काही दिसत नव्हतं. बँकेत जाऊन हप्ताही वाढवून घेतला. खिडकीपलीकडचा मुलगा दोनदा म्हणाला, “मॅडम, गरज नाहीये.” मुदत १६८ च्या खाली आल्याचा कागद हातात पडेपर्यंत मी उठले नाही.

मात्र वहीतले ९० दिवस पूर्ण होईपर्यंत सगळं कर्जात ओतलं नाही. भरलेले पैसे परत मागता येत नाहीत, आणि नोकरी गेली तर कमी झालेल्या मुदतीवर घर चालत नाही.

सोन्याचं काय, असं सगळे विचारतात. थोडं आहे, राहू दे. पण २०२२ मध्ये अमेरिकेतली महागाई ९.१ टक्क्यांवर, चाळीस वर्षांतल्या उच्चांकावर गेली, तेव्हा डॉलरमधला सोन्याचा भाव वर्षअखेर जिथल्या तिथे होता. आणि जानेवारी १९८० मध्ये ८५० डॉलरने ज्यांनी ते घेतलं, त्यांना वीस वर्षांनी ३०० सुद्धा मिळत नव्हते. शेअरच्या इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर घेणाऱ्या फंडात, दरमहा ठरलेली रक्कम जाते. ते पैसे दहा वर्षं लागणार नाहीत, म्हणून भाव बघत नाही. लवकर लागणारे पैसे आता लहान मुदतीत. दर बदलले तरी फार दुखत नाही.

गेल्या महिन्यात वहीत १३४ दिवस लिहिले. तेलाच्या फंडाची युनिट्स अजून माझ्या नावावर आहेत. नवरा अधूनमधून विचारतो, “काय मग, २०० झालं का?” मी मीटर बघायला जाते.