आमची वाटचाल : सोलापूरचा टॉवेल आणि अमेरिकेची जकात

वडिलांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग टाकले तेव्हा परदेशी माल पाठवायचा तर कोटा, म्हणजे ठरावीक मालापुरता निर्यातीचा हिस्सा लागे, आणि तो आमच्यासारख्या लहान कारखानदाराच्या वाट्याला क्वचितच येई. १ जानेवारी २००५ ला जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार कापडावरचा कोटा उठला. तिथून आमचे दिवस पालटले. आधी मुंबईच्या निर्यातदारामार्फत आणि पुढे थेट, आमचे टेरी टॉवेल अमेरिकेला जाऊ लागले. नवे माग आले, शिलाई विभाग वाढला.

एवढा पसारा उभा राहिला तो एका भरवशावर: आजची जकात सहा महिन्यांनीही तीच असेल. टेरी टॉवेलवर अमेरिकेत ९.१ टक्के. ती धरून भाव द्यायचा आणि सूत उचलायचं. २ एप्रिल २०२५ ला हा भरवसा तुटला. आधी अमेरिकेने भारतीय मालावर मूळ जकातीखेरीज आणखी २६ टक्के जाहीर केले, मग स्थगिती देऊन ते १० वर आणले. ७ ऑगस्टपासून २५, आणि रशियन तेलाचं कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५. मूळ जकात धरून तेव्हा ५९.१ टक्के झाले! पाकिस्तानी टॉवेलला हाच आकडा तेव्हा २८.१ होता. शंभर डॉलरच्या मालामागे ३१ डॉलरचा फरक पडत होता आणि आम्हाला सुटत होते पाच-सहा डॉलर. ग्राहक सूट मागत होता, ती द्यायची कुठून?

२७ ऑगस्टआधी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरआधी तिकडे सोडवलेला माल वाढीव जकातीतून वाचणार होता. कंटेनर न्हावा शेव्याला वेळेत पोचावा म्हणून शिलाई-पॅकिंगच्या बायका घरदार सांभाळून रात्रीपर्यंत थांबल्या. ते उपकार फिटणारे नाहीत.

अमेरिकेतल्या कामगाराचा राग मला कळतो. नॉर्थ कॅरोलायनात कनॅपोलिसला टॉवेलची मोठी गिरणी होती, ती २००३ मध्ये बंद पडली आणि हजारो लोक एका दिवसात घरी बसले. गिरणी बंद पडणं म्हणजे काय, हे सोलापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. पण जकातीने ती गिरणी उभी राहत नाही. त्यासाठी माग, सूत, शिकलेले हात आणि वर्षानुवर्षं टिकणारं धोरण लागतं. जकात भरतो तिकडचा आयातदार, आणि त्यातली बरीचशी शेवटी तिथल्याच घरांवर पडते. १९३० मध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायद्याने जकाती वाढवल्यावर इतर देशांनीही त्या वाढवल्या आणि आधीच मंदीत सापडलेला जगाचा व्यापार आणखी आटला. १९४७ पासून व्यापाराचे नियम घडवण्यात अमेरिकाच पुढे होती. तिनेच नेमणुका अडवल्यामुळे जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. मग आमच्यासारख्यांचा निवाडा करणार कोण?

आता नमुने ऑस्ट्रेलियाला जातात. २९ डिसेंबर २०२२ पासून तिथे आपल्या कापडाला जकात नाही. ब्रिटनच्या करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, तिकडेही बोलणी चालू केली आहेत. अमेरिकेएवढ्या ऑर्डरी तिथून लगेच येणार नाहीत. दिवाळीचा बोनस आम्ही पूर्ण दिला. दुसरी पाळी सध्या बंद आहे, तिच्या कामगारांना पहिल्या पाळीत आळीपाळीने घेतो.